पाचव्या मजल्यावरची केबिन

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे घडलेलं आहे. तेर गावात, गेल्या डिसेंबरात, ऐन दिवेलागणीला.

आमचे प्रेमानंदकाका तेव्हा घरात एकटेच होते. तसे ते चांगुणाकाकू वारल्यापासून एकटेच. निवृत्त झाल्यावर या माणसाला क्रूझचं वेड लागलं. मग कुणी विचारो न विचारो, जहाजांची तुलना सुरू. एक जहाज म्हणजे नुसता उमरग्याचा बस स्टँड, ताट धरून रांगेत उभं राहा. दुसऱ्याचं जेवण फिकं, पण बाल्कनी ऐसपैस.

"सगळ्यात चांगलं कोणतं, काका?" पुतणी श्रावस्तीनं विचारलं. तिला नवऱ्याबरोबर, राजपालबरोबर जायचं होतं.

"ते जुनं. पाचव्या मजल्यावरची शेवटची केबिनच घे."

साफ खोटं! त्या जहाजाची लिफ्टसुद्धा धड चालत नव्हती.

खरं कारण वेगळंच होतं...

काकू वारल्या, पण घरातून गेल्या नव्हत्या. संध्याकाळी स्वयंपाकघरातून त्यांचा खोकला यायचा. बारीक, ओळखीचा. भुताखेतांना हसणारे काका त्याला कधी हसले नाहीत. उलट त्यांना सोबत वाटायची.

लहान मूल घेऊन परगावाहून निघताना आपल्याकडं त्याचं नाव घेऊन "चल" म्हणतात. जीव मागं राहू नये म्हणून. तसंच काका कुठूनही निघताना म्हणायचे, "चल, चांगुणा."

आणि काकू यायच्या.

जहाजावर एकट्याला मिळायची तीही खोली दोघांचीच. सकाळी दुसरी गादी दबलेली असायची...

त्या जुन्या जहाजावरून उतरताना मात्र घाई झाली. बॅगा, पासपोर्ट, रांग. काका "चल" म्हणायचं विसरले.

घरी आले. दिवे लागले.

स्वयंपाकघर गप्प.

परत जायचं ठरवलं, तर छातीत कळ आली. डॉक्टरांनी प्रवासच बंद केला. म्हणून त्यांनी श्रावस्तीला तिथं धाडलं.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"काका, केबिनमध्ये कुणीतरी खोकायलंय... राजपाल जेवायला गेलेत. मी एकटीच हाय."

काका ताडकन उठले. "काही बोलली का?"

"आत्ताच... 'अवो, तेर आलं का?' असं. आवाज काकूचाच. मला लई भ्या वाटायलंय."

काकांना हुंदका आला. इतके दिवस ती तिथं एकटीच वाट बघत होती!

"भिऊ नको, बाळ. स्पीकर लाव. फोन पलंगावर ठेव."

आणि ते जिवाच्या आकांतानं ओरडले, "चल, चांगुणा! चल गं!"

पलीकडं खोकला थांबला.

मग... दार सरकल्याचा आवाज.

"काका, बाल्कनीचं दार आपोआप उघडलं!"

काका रडता रडता हसले. "निघाली! कुठल्या बंदराला लागलंय गं जहाज?"

"बंदर कुठलं, काका? चहूकडं पाणीच हाय."

आजही काका दिवेलागणीला स्वयंपाकघराच्या दारात बसतात. आतून काहीच ऐकू येत नाही. परवा मी गेलो होतो. ते माझा हात धरून म्हणाले,

"तिला पोहायला येत न्हाय रे."