डावीकडचे तीन किलो

पाण्याखाली काम करणाऱ्याची अर्धी विद्या शिसं कुठं बांधायचं यात असते. नौदलात बारा वर्षं काढल्यावर हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. शिसं कमी पडलं तर माणूस बुचासारखा वर येतो, जास्त झालं तर तळाला बसतो आणि नुसतं कमरेला बांधलं तर पाय खाली लोंबतात. मला मात्र पाण्यात पालथं झोपल्यासारखं, अगदी आडवं तरंगता यायचं. त्याचा मला गर्व होता, अजूनही आहे.

१९७९च्या चैत्रात हिंदुरावनं मुंबईला माणूस धाडून मला बोलावलं. सोलापूरच्या बोर्डिंगात आम्ही एका ताटात जेवलेलो. त्याचं जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं होतं. नव्या गावानं मिळून धरणाच्या फुगवट्यातून पाणी उचलायची योजना उभी केली, पण तिच्या पाइपाचं तोंड चाळीस फूट खाली काहीतरी अडकून बंद झालं होतं. पंप नुसता घरघरत होता आणि चारशे एकर ऊस माना टाकायला लागला होता.

"आठ दिसांत पाणी न्हाय आलं तर सगळ्याचं सरपण," हिंदुराव म्हणाला. "गावाला मी सांगून बसलोय, माजा सिद्धाराम करंल म्हून."

मुंबईहून मी हवेच्या तीन टाक्या भरून आणल्या होत्या. इथं त्या पुन्हा भरून मिळणार नव्हत्या. तीन टाक्या म्हणजे तीन बुड्या.

पहिली माझ्या मूर्खपणानं गेली. समुद्राच्या सवयीनं मी एक-एक किलोचे दहा तुकडे बांधले. खारं पाणी माणसाला उचलून धरतं, गोडं तेवढं धरत नाही; नव्या जवानांना हे मीच शिकवायचो. दहा किलोंनी मला थेट तळाला नेलं, पाय काळ्या गाळात रुतले आणि शाईची दौत सांडावी तसा अंधार झाला. पाइप हातालाही लागला नाही.

काठावर मथुराबाई बसली होती. निम्मं गाव या सुईणीच्या हातावर जन्मलेलं. गाव पाण्यात गेल्यापासून ती रोज तिथं येऊन बसायची.

"गावात जाऊन आलासा?" तिनं विचारलं.

"काही दिसलं नाही, आजी."

"दिसंल. घाईनं जाऊ नगा."

दुसऱ्या दिवशी दोन तुकडे कमी केले. उरलेल्या आठांतले दोन टाकीच्या मानेशी बांधले, म्हणजे पाय खाली जात नाहीत. बाकीचे कमरेला, तीन उजवीकडं आणि तीन डावीकडं. काठाच्या उथळ पाण्यात अंग टाकून बघितलं. फळीसारखा सरळ तरंगलो. आता गाळाला न शिवता जायचं, एवढंच काम होतं.

तीस फुटांवर मी डावीकडं कलंडलो.

तुकडे चाचपले. सगळे जागेवर होते. पाण्याला ओढही नव्हती. एक तुकडा डावीकडून उजवीकडं घेतला, तरी डावीकडंच कललो. दुसरा घेतला, तेव्हा किंचित उजवीकडं. मी मापाचा माणूस, तिथल्या तिथं उत्तर काढलं: डाव्या बाजूला तीन किलो जास्त आहेत. कशाचे, ते कळेना. तेवढ्यात त्या जादा वजनानं मी तळाला टेकलो आणि पुन्हा सगळं काळं झालं.

परत वर येऊ लागलो, तर तीस फुटांवर साफ उजवीकडं उलटलो. डावीकडचं जे काही होतं ते खालीच राहिलं होतं.

दोन दिवस मी टाकी तपासली, पट्टे तपासले, रबरी पोशाखाची शिवण न् शिवण बघितली. दोष सापडला नाही. हिंदुरावचं जेवण सुटलं होतं. तिसऱ्या सकाळी मी डावीकडचे तिन्ही तुकडे काढून ठेवले.

मला पाइपापाशी नेणाऱ्या होडीवरचा मानसिंग बघत राहिला. "आवो, बुडाल तरी का?"

"खाली गेल्यावर बरोबर होईल."

"आन न्हाय झालं तर?"

मी हवेची नळी तोंडात धरली आणि पाण्यात उतरलो.

पाच किलोंनी मी बुडेना. नांगराचा दोर धरून हातानं स्वतःला खाली ओढत नेलं. दहा फूट. वीस. मी उजवीकडं कललेला.

तीस.

डाव्या कोपराच्या घडीत रबर दबलं.

आणि मी सरळ झालो.

इतका नेमका मी आयुष्यात कधी तरंगलो नव्हतो. गाळाचा कणसुद्धा हलला नाही. खालून ओटे गेले, पायऱ्या गेल्या, आणि पुढं पाइपाचं तोंड दिसलं. त्याच्या जाळीला एक जुनं लुगडं गुंडाळलेलं होतं. दोन्ही टोकांना गाठी, तान्ह्याच्या झोळीला मारतात तशा. झोळी रिकामी होती.

मी उजव्या हातानं सुरी चालवली. डावा हात सरळ होईना. मीही जबरदस्ती केली नाही.

लुगडं सुटलं. मला पाण्यातच ओरडावंसं वाटलं.

वर येताना तीस फुटांवर मी वजन सुटायची वाट बघितली.

सुटलं नाही.

दुपारी पाटाला पाणी आलं. हिंदुराव धोतरासकट पाटात बसून लहान पोरासारखा रडला, आणि खरं सांगायचं तर मीही रडलो. दुसऱ्या दिवशी गावानं शाल-नारळ देऊन माझी गुळाची तुला केली. देवळासमोर मोठा तराजू टांगला, हलग्या कडाडल्या. माझं वजन बासष्ट किलो, नौदलापासून त्यात फरक नाही. समोर दहा-दहा किलोंच्या सहा ढेपा ठेवल्या, वर एक-एक किलोच्या दोन. माझं पारडं जमिनीवरून हललं नाही.

"आमची भाकरी लागली अंगाला," हिंदुराव हसला आणि त्यानं अजून एक किलोची ढेप टाकली. मग एक. मग आणखी एक.

पासष्टला काटा समान झाला. लोकांनी गुलाल उधळला.

मथुराबाई गर्दीतून पुढं आली. माझ्या खांद्यावरची शाल तिनं ओढली आणि माझ्या डाव्या कोपराच्या घडीवर पांघरली. पाण्यातून आल्यापासून तो हात मी सरळ केला नव्हता, हे तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं.

"डोकं उगडं हाय की," ती म्हणाली. "ऊन लागंल."

मी उजव्या हातानं हलगीवाल्यांना जरा हळू वाजवायची खूण केली.