पैलवानांचा नवस

दोन हजार अठरा साल होतं. गंगावेशीतल्या आकाराम पैलवानांना साठीला दोन वर्षं कमी होती. एका सकाळी त्यांनी आपली वळकटी उचलून माडीवर नेली आणि बायकोला सांगितलं, जोतिबाला नवस बोललोय, वर्षभर ब्रह्मचर्य पाळायचं.

बनाबाईंनी कशासाठी म्हणून विचारलं नाही. तरुणपणी कुस्त्यांच्या हंगामात पैलवान असेच वेगळे झोपत, पण तेव्हा त्यांच्या नजरेत ओढ असायची... आता ते डोळ्याला डोळा देत नव्हते, जेवताना चिडत, भरदुपारी गळून पडत. आपले केस पिकले, अंग सुटलं, आपला वीट आला, हे शल्य उरात दाबून त्या माउलीने नवऱ्याच्या नवसाला बळ यावं म्हणून वर्षभर एकवेळच अन्न घेतलं.

वर्ष सरल्यावर नारळ-गुलाल घेऊन त्यांनी पैलवानांना जोतिबाच्या डोंगरावर नेलं. गाऱ्हाणं घालण्यासाठी गुरवांनी विचारलं, नवस कशाचा होता? पैलवान रांग सोडून दीपमाळेपाशी जाऊन बसले. बनाबाई मागोमाग धावल्या.

"बने, देवाच्या दारात खोटं बोलवंना. नवस न्हवताच."

बनाबाईंनी विचारलं, "मग कोण हाय ती?"

"कोण न्हाय गं. माझंच अंग साथ देईना. एवढा नावाजलेला गडी मी... तुझ्याफुडं हरायची लाज वाटली."

बनाबाई पदरात तोंड घालून रडल्या, आणि रडता रडताच त्यांना हसू फुटलं.

"अवो, वरीसभर अर्धपोटी ऱ्हायलो की मी. वाटलं, मीच नको झालो तुमास्नी. माझी पाळी गेली, तवा तुमी मला माडीवर धाडलंतं व्हय?"

पैलवानांनी तिथंच, माणसांदेखत, डोळे पुसले.

सून संयोगिता दवाखान्यात नर्स होती. बनाबाईंनी तिच्या कानावर घातलं, आणि तिने सासऱ्यांना डॉक्टरांकडे नेलं. सकाळीच रक्त तपासलं. वयाबरोबर पुरुषाचे हार्मोनही हळूहळू उतरतात, त्यात यांची साखर वाढलेली, यात मर्दानगी कमी झाल्यासारखं काही नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. औषध, चालणं, पथ्य सुरू झालं. पुष्कळ फरक पडला. तरुणपण काही परतलं नाही, पण त्याची खंत दोघांनाही उरली नाही.

संयोगिता आता गडहिंग्लजला मोठ्या हुद्द्यावर आहे. पैलवान तालमीतल्या उतारवयाच्या गड्यांना खुशाल डॉक्टरांकडे धाडतात. संध्याकाळी रंकाळ्यावर ते बनाबाईंचा हात धरून फिरतात. जुने सोबती टोमणा मारतात, "वस्ताद, वैनी पळून जातील व्हय?"

"ती कुठं पळतीय," पैलवान म्हणतात, "मीच पळालतो एकदा."