मनिषाचा राजीनामा

मिताली रडायची तयारी करत होती.

पनवेलला हायवेलगतच्या एका हॉटेलात, मीटिंग हॉलबाहेरच्या खिडकीशी. श्रावणातली सर नुकतीच येऊन गेलेली, काच अजून ओली. एक थेंब गालावर उतरला, दुसरा उतरू घातला... आणि मागून कुणीतरी म्हणालं,

“काय झालं?”

वळून पाहिलं तर एक उंच, सावळा मुलगा. टाय दुसऱ्या कुणीतरी बांधून दिलेला. त्याने खिशातून रुमाल काढला, घडी उलटी केली, स्वच्छ बाजू वर आणली आणि पुढे धरला.

“कोणी काही बोललं का? नाव सांगा फक्त.”

“सांगितलं तर काय कराल?”

“ते... अजून ठरवलं नाय.”

तिला हसू फुटलं. डोळे वाहतायत आणि ओठ हसतायत, हे तिला स्टेजवर कधी जमलं नव्हतं.

*

थोड्या वेळाने तोच मुलगा दार ढकलून हॉलमध्ये आला, आणि टेबलापलीकडे तिला पाहून दारातच थबकला.

कळंबोलीच्या एका मालवाहतूक कंपनीला आपल्याच माणसांतून मॅनेजर निवडायचे होते. पेपर सोडवून घेण्याऐवजी ते प्रसंग करून बघायचे. ऑफिस खोटं, अडचण खोटी, समोर पैसे देऊन आणलेली नटी आणि कोपऱ्यात मार्क देणाऱ्या शशिकला मॅडम. नटी म्हणजे मिताली. तिच्या वाट्याला मनिषा आली होती : डिस्पॅच सांभाळणारी, आज राजीनामा घेऊन आलेली. भूमिकेच्या कागदावर बजावलेलं होतं की राजीनाम्याचं खरं कारण कुणी विचारलं तरच सांगायचं, आपणहून नाही. कारण घरच्या आजारपणाचं होतं. एकदा मनापासून ‘का’ विचारलं की मनिषा थांबणार. बहुतेक जण पगार वाढवून देत, दम देत, कंपनी म्हणजे कुटुंब असं म्हणत. विचारत मात्र नसत.

रुमालवाल्या त्या मुलाने, शैलेशनेही विचारलं नाही. मघाचं रडणं खोटं होतं हे कळल्यावर त्याचा बहुधा विश्वासच उडाला. तो बोलत सुटला. तुम्ही गेलात तर गाड्या कोण सोडणार, महिनाअखेर तोंडावर आलीय, निदान दिवाळीपर्यंत थांबा. बाहेर पहिल्याच दमात जे विचारलं होतं, तेवढंच आत राहून गेलं.

शेवटी नटीनेही उमेदवाराला दोन शब्द सांगायचे असतात. ‘तुम्ही विचारलंच नाहीत,’ हे मितालीच्या ओठांवर आलेलं. पण बाहेर अजून उमेदवार बसले होते, तोच प्रसंग त्यांनाही द्यायचा होता. शशिकला मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. आतली गोष्ट फोडायची नाही, हा इथला नियम. मग मितालीने एक गुळगुळीत वाक्य दिलं.

“समोरच्याचं ठरलं असेल तर त्याला ढकलू नका. शांतपणे ऐका.”

शैलेशने मान डोलावली. आणि ते वाक्य त्याने मनावर घेतलं.

*

आठवड्याने फोन. नंबर कुठून मिळवला ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

“माझा रुमाल राहिलाय तुमच्याकडे.”

“धुवायचाय अजून.”

“मग... वाळेपर्यंत थांबतो.”

तो नापास झाला होता, पण पुन्हा बसता येणार होतं आणि पुढच्या फेरीला अवकाश होता. तो गव्हाणहून मोटरसायकलवर यायचा, ती नवीन पनवेलहून रिक्षाने. वडाळे तलावाच्या काठी दोघं ऑफिस-ऑफिस खेळायची. ती कधी उशिरा येणारा क्लार्क व्हायची, कधी माल फुटल्यामुळे खवळलेलं गिऱ्हाईक. तो ऐकायचा. ऐकायची सवय व्हावी म्हणून घरीही गप्प बसायला लागला, तेव्हा त्याची आई, ठमाबाई, मासळीबाजारातून येऊन पाटी उतरवता उतरवता म्हणाली म्हणे, “तोंडात काटा अडकलाय का रं तुज्या?”

“मार्क किती आज?” तो विचारायचा.

“ऐकण्याला दहापैकी आठ.”

“आणि बघण्याला?”

“बघण्याला मार्क नसतात. उगाच बघू नकोस.”

तो बघायचाच. तीही बघू द्यायची. ‘तुम्ही’चं ‘तू’ केव्हा झालं, दोघांनाही कळलं नाही.

त्या दिवसांत केव्हाही सांगता आलं असतं... की अरे, नुसतं ऐकून भागत नाही, आधी विचारावं लागतं. पण पुढच्या फेरीत पुन्हा मनिषाच येणार होती, आणि मिताली कामाशी इमानदार. तिने मॅडमना ओळख असल्याचं सांगून ती फेरी दुसऱ्या नटीला दिली. तोंड मात्र मिटून ठेवलं.

शैलेश त्या फेरीत इतका छान गप्प बसला की समोरच्या बाईला राहवलंच नाही. तिने आपणहून सगळं सांगून टाकलं.

तो पास झाला. बढती मिळाली. पोस्टिंग विशाखापट्टणमला.

*

जसं झालं :

तलावाच्या कठड्यावर बसून त्याने पोस्टिंगचं सांगितलं आणि पाण्याकडे बघत राहिला. तिला म्हणायचं होतं, मीही येते. पण इतक्या वेळा मनिषा केल्यावर तोंडातून आधी राजीनामाच निघाला.

“बरं झालं. मीही पुण्याला जायचं म्हणतेय. नाटकाचा ग्रुप मिळालाय तिथे.”

ग्रुप नव्हता. पुणं नव्हतं. त्याने एक ‘का’ म्हणायचा अवकाश, ती सगळं सांगणार होती. हात मांडीवर घेऊन ती वाट बघत बसली.

शैलेशने ऐकलं. किती सुंदर ऐकलं. किंचित पुढे झुकून, नजर तिच्या चेहऱ्यावर, मध्ये एक शब्द नाही.

“तुझं ठरलंय ना?”

“हो.”

“मग मी ढकलणार नाय.”

ऑफिसची भाषा गळून पडली होती, ‘नाही’चं ‘नाय’ झालं होतं. हे तिला ऐकू आलं. असलं ऐकू येणं हेच तर तिचं काम. तरीही ती थांबून राहिली, अजून एका प्रश्नासाठी. तो उठला.

पुन्हा घेऊ :

तो म्हणतो, मी ढकलणार नाय. ती म्हणते, ढकल की.

पुन्हा :

पुणं येतच नाही. ती म्हणते, विशाखापट्टणमला मासे कसे मिळतात रे... तो म्हणतो, आईला विचारून—

पुन्हा :

ती काहीच म्हणत नाही. नुसता हात...

कळंबोलीच्या बसमध्ये, कामाला जाताना, मितालीने तो प्रसंग असा कितीदा घेतला. एकदाही त्यात तो उठून गेला नाही.

*

दिवाळी झाल्यावर तिने फोन लावला आणि कुणी विचारायच्या आत बोलून टाकलं. पुण्यात ग्रुपबिप काही नव्हता. तू एकदा ‘का’ म्हणाला असतास तर मी तुझ्याबरोबर आले असते.

पलीकडे बंदरातला भोंगा वाजला. भोंगा थांबला. मग शैलेश म्हणाला, माझा साखरपुडा झाला. मुलगी गव्हाणचीच, आईच्या ओळखीतली. चांगली आहे गं.

“तूच शिकवलेलंस ना... ठरलेल्या माणसाला ढकलू नये.”

“अर्धंच शिकवलं मी. उरलेलं सांगायची परवानगी नव्हती.”

“काय होतं उरलेलं?”

“आधी विचारायचं.”

तो हसल्यासारखा काहीतरी आवाज आला. मग तो हळूहळू सांगत गेला. त्याच्या हाताखालची माणसं राजीनामा घेऊन येतात. तो ऐकून घेतो, सही करतो. वरचे साहेब म्हणतात, किती समजूतदार मॅनेजर.

“मिताली.”

“हं.”

“तू... बरी आहेस ना? खरं सांग.”

विचारलं त्याने. अखेर, आणि मनापासून. आता खरं सांगायलाच हवं होतं. पण गव्हाणला कुणी एक मुलगी या वेळी आईबरोबर लग्नाच्या साड्या बघत बसली असेल, आणि तिने कुणाचंच काही वाईट केलेलं नव्हतं.

“मजेत,” मिताली म्हणाली.

आवाज इतका स्वच्छ लागला की त्याचा विश्वास बसला.