सोनचाफ्याचं फूल

तिन्हीसांजेला जिन्यावर पावलं वाजली, तशी सारिकाने दिवा मालवला आणि भिंतीला चिकटून उभी राहिली. पावलं खिडकीपाशी थांबली. कट्ट्यावर ताट टेकल्याचा आवाज... मग एक हलका पुरुषी स्वर, “जेवून घ्या.”

भोरमधली ही खोली तिच्या मैत्रिणीने, शेफालीने भाड्याने घेतलेली. पुण्याला जाताना घरमालक नानांना न विचारताच तिने सारिकाला दिली. पुढच्या दाराला कुलूप तसंच, ये-जा मागच्या दाराने, चोरासारखी. पकडली गेली तर नर्सिंगचं शिक्षण सोडून हिर्डोशीला परत. तिथून रोजची एसटी कसली मिळतेय!

खाली नानांना मात्र वरून भांडी वाजलेली ऐकू येत. त्याच खोलीत वारलेली आपली बायको सखू परत आली, असं त्यांनी ठरवूनच टाकलं आणि पुतण्याच्या, धनाजीच्या हाती रोज दहीभात वर धाडू लागले. सारिका अशी वेंधळी, की जेवून ताट लख्ख घासून ठेवायची!

आठव्या दिवशी तिने ताट ओढलं, तर पलीकडून कुणी सोडेना.

“ताट घासणारं भूत पयल्यांदाच बघतोय,” धनाजी हसला.

तिने ताट सोडून दिलं. “नानांना सांगू नका...”

“काकी आली म्हणून नाना दोन घास खायला लागलेत. कसं सांगू?”

“आनि तुमी कशाला येता रोज?”

“बांगड्या ऐकायला...” तो म्हणाला, आणि अंधारातही ती लाजली.

महिनाभर ती त्या पावलांची वाट बघत राहिली. पण म्हाताऱ्याला फसवतोय, हे तिला खात होतं. शेवटी एका संध्याकाळी खाली जाऊन तिने नानांना सगळं सांगून टाकलं.

“म्हंजे... सखू न्हाई?” नानांचा चेहरा उतरला. “जा मग पोरी. खोली मोकळी कर.”

“नाना, तिला घालवू नका!” दारातून धनाजी म्हणाला. “माजा जीव जडलाय तिच्यावर. रोज ताटात सोनचाफ्याचं फूल ठेवत होतो, तिच्यासाटी.”

सारिका त्याच्याकडे बघतच राहिली.

“फूल? ताटात फूल कदीच नव्हतं...”

वरची खिडकी हळूच लागली. जिन्यावरून सोनचाफ्याचा वास खाली उतरत आला आणि सारिकाने धनाजीचा हात घट्ट धरला.

नानांचे डोळे भरून आले. “सखूला लई आवडायचा सोनचाफा,” ते म्हणाले. “ऱ्हा पोरी तू वर. तिला सोबत हुईल.”