पिशवी तीच, मग दिवा लाल का?

पारखीच्या छातीवरचा दिवा लाल झाला आणि त्याने लोणच्याची पिशवी शलाकाला परत दिली.

पारखी हा रत्नागिरीच्या धक्क्यावरचा तपासनीस यंत्रमानव. समुद्राच्या तळाशी नव्याने उभारलेल्या संशोधन केंद्रात जाणारी खाण्याची प्रत्येक पिशवी त्याच्या हाताखालून जायची. त्या केंद्रात शलाकाची आई काम करत होती. दोन महिने तेच ते डबाबंद जेवण जेवून तिच्या तोंडाची चव पार गेली होती. परवा पडद्यावर ती दिसली तेव्हा तिची गालफडं बसलेली होती. "घास उतरत नाही गं," ती म्हणाली. "अण्णांच्या हातचं लोणचं असतं, तर दोन घास जास्त गेले असते."

अण्णा म्हणजे शलाकाचे आजोबा, आईचे वडील. जन्मभर त्यांनी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं आणि लोणच्याच्या बाबतीत ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत. त्यांनी त्याच दिवशी कैऱ्या चिरायला घेतल्या. पिशवी मात्र शलाकाने निवडली होती, चंदेरी आणि छान चिकटणारी. माल नेणारी कुपी (माणसांशिवाय खाली जाणारी बंद पेटी) बरोबर बारा वाजता पाण्यात उतरणार होती. पुढची कुपी चाळीस दिवसांनी. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"ही पिशवी चालणार नाही," पारखी म्हणाला.

"पण मागच्या खेपेला हीच होती. आम्ही पोहे पाठवले होते आणि तूच हिरवा दिवा दिला होतास."

"दिला होता."

"मग आता पिशवी बिघडली का?"

"पिशवी तीच आहे. आतला पदार्थ बदलला आहे."

अण्णा पुढे सरसावले. "अरे, तिच्यावर छापलंय की, अन्नासाठी योग्य म्हणून. ते काय शोभेला?"

"कोणत्या अन्नासाठी, ते खाली लिहिलं आहे."

शलाकाने पिशवी डोळ्यांजवळ नेली. मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'फक्त कोरड्या पदार्थांसाठी'. तिने ते वाचलंच नव्हतं. तिचे कान गरम झाले. आईचा उतरलेला चेहरा डोळ्यांसमोरून हलेना.

"एवढ्या एकाच वेळी सोड ना," ती हळूच म्हणाली.

"खाली बारा माणसं आहेत," पारखी म्हणाला. "दवाखाना इथे वर आहे."

शलाका धक्क्यावर बसली. अण्णाही शेजारी बसले, आणि त्यांची नजर तिच्या दप्तरातून डोकावणाऱ्या डब्यावर गेली. प्लॅस्टिकच्या त्या डब्याचं झाकण पिवळंधमक झालं होतं.

"हे कशाने झालं गं?"

"लोणच्याने. कितीही घासलं तरी जात नाही."

"कोरड्या हळदीची पुडी ठेवली असती तर?"

"झटकली असती. नाहीतर धुऊन टाकली असती."

"बरोबर. हळदीचा रंग पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतो. तेलाने तो प्लॅस्टिकच्या आत पोहोचवला." अण्णांचा आवाज आता वर्गातला झाला होता. "लोणच्यातलं प्लॅस्टिकमध्ये जाऊ शकतं. मग प्लॅस्टिकमधलं..."

"लोणच्यात येऊ शकतं," शलाका म्हणाली, आणि तिने पिशवी लांब धरली.

"त्याला स्थलांतर म्हणतात (वेष्टनातले कण अन्नात उतरणे)," पारखी म्हणाला. "ही पिशवी एका पदराची नाही. बाहेर छपाई, मध्ये चंदेरी पदर, आत चिकटणारा पदर आणि त्यांना जोडणारा गोंद. कोरड्या पोह्यांत यातलं फारसं काही उतरत नाही. पण तेल आणि आंबट रस यांना त्यातले कण ओढून घेता येतात. ऊब आणि दिवस वाढले की आणखी. केंद्राचं कोठार यंत्रांना लागून आहे, तिथे उकडतं."

"किती उतरलं तर चालतं?"

"नियम म्हणतो, एक किलो अन्नात सगळं मिळून साठ मिलिग्रॅमच्या (ग्रॅमचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिग्रॅम) वर नको. काही घातक पदार्थांना तर त्याहून पुष्कळ कमी. ते मोजायला पिशवीत तेलासारखा आणि आंबट द्रव भरून दहा दिवस उबेत ठेवतात. या पिशवीची तशी परीक्षा झालेलीच नाही. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, म्हणून दिवा लाल."

अकरा वाजून बावीस मिनिटं. घरचं खाणं कुपीत फक्त पिशवीतूनच जाई; बरणी किंवा डबा चालत नव्हता. शलाका त्या बारीक अक्षरांकडे पाहत राहिली. फक्त कोरड्या पदार्थांसाठी. मग ती एकदम उठली.

"अण्णा, घरी आंबोशी आहे?"

"मिठातल्या कैरीच्या वाळवलेल्या फोडी? डबाभर आहे."

"आणि केंद्रात तेल असेलच."

अण्णांनी लगेच स्कूटर सुरू केली.

घरी दोघांनी भराभर डबे खाली काढले. आंबोशी, तिखट, मीठ, हळद, हिंग, सगळं कोरडं वेगवेगळं बांधलं. अण्णा मोहरी कुटायला बसणार तोच शलाकाने त्यांचा हात धरला. "कुटली की तेल बाहेर येईल. आईच कुटेल." आयुष्यात पहिल्यांदाच अण्णांनी लोणच्याच्या बाबतीत दुसऱ्याचं ऐकलं.

धक्क्यावर पोहोचेपर्यंत अकरा चोपन्न झाले होते. कुपीचं झाकण खाली येऊ लागलं होतं. पारखीने पुड्या टिपकागदावर दाबून पाहिल्या. तेलाचा डाग नव्हता, ओल नव्हती. त्याने तशाच कोऱ्या चंदेरी पिशव्यांत माल भरला, तोंडं चिकटवली आणि ताणून पाहिली.

दिवा हिरवा झाला.

"घरी बरणीत उरलेलं लोणचं मला द्या," पारखी म्हणाला. "तेलासाठी बनवलेल्या तीन पिशव्या प्रयोगशाळेत आल्या आहेत. आजपासून दहा दिवस त्यांत ते उबेत ठेवून बघू. त्यातली एक जरी टिकली, तरी पुढच्या कुपीत मुरलेलं लोणचं जाईल."

दुसऱ्या दिवशी आई पडद्यावर आली. तिची बोटं हळदीने पिवळी झाली होती आणि मागे अकरा माणसं वाकून वास घेत होती. "अजून मुरलंही नाही," आई म्हणाली, "पण वासावरच आज दोन पोळ्या जास्त गेल्या."

शलाकाला रडू येत होतं. तरी तिने आधी विचारलं, "आई, कालवलंस कशात?"

आईने हसत हसत भांडं उचलून दाखवलं. स्टीलचं होतं.