पदक कडेनंच धरायचं

“कोणी लावली बोटं? बोला ना! सगळ्यांच्या जिभा झडल्या का?” ओडिलोंबाबांचा आवाज थरथरत होता आणि त्यांचे विझलेले डोळे, नेमकं कोणाकडे बघावं ते न कळून, भिंतीवरच खिळले होते...

मेखेलेन गावातल्या त्या घरात टेबलावर कॉफी निवत चालली होती. संग्रहालयाचे तज्ज्ञ भिंग खिशात घालून टोपी शोधत होते. बाबांनी चाळीस वर्षं वेचून आणलेली जुनी ब्राँझची पदकं, एकेकावर एकेक कॅथेड्रल, इतकं बारीक कोरलेलं की आतल्या खांबांच्या रांगा मोजून घ्याव्यात! त्यांच्यासाठी संग्रहालय बाबांच्या नावानं दालन उघडणार होतं. आणि आता? शंभर वर्षांची ती तकाकी बोटांच्या घामानं खाऊन टाकली होती, आणि असले डाग कशानंही निघत नाहीत. “माफ करा,” एवढंच म्हणून तज्ज्ञ गेले.

पदक कडेनंच धरायचं, कोरीवकामाला बोट लावायचं नाही, हा त्या घरातला पहिला धडा. त्यापायी बाबांच्या मुलानं, योरिसनं, लहानपणी मारही खाल्ला होता.

कोणाची बोटं, ते थोरल्या लेकीला, इर्माला, ठाऊक होतं! दोन वर्षांपूर्वी मेंदूचा झटका आला, बाबांची दृष्टी गेली आणि दुपार झाली की त्यांचं भानही हरपू लागलं. “माझी चर्चं कुठं गेली गं?” म्हणत ते लेकरासारखे रडत. ऐकवेना, तेव्हा एक दिवस तिनं पदक त्यांच्या तळहातावर ठेवलं. बोटं खांबांवरून, कमानींवरून फिरत राहिली... आणि बाबा शांत झाले! मग रोजचंच झालं, एकेक करून सगळी पदकं. संध्याकाळी त्यांना यातलं काही आठवत नसे. याच बाबांसाठी तिनं ठरलेलं लग्न मोडलं होतं. घटकाभराचा हा दिलासा ती कशी नाकारणार?

आता खरं सांगायचं? हयातभर जिवापाड जपलेलं तुम्हीच तुमच्या हातांनी नासवलंत, असं सांगायचं?

“मी लावली, बाबा. पुसताना.”

“तू? अगं, तुझ्या भरवशावर सोडली होती मी! चालती हो. तुझा आवाजसुद्धा नको मला या घरात!”

“चाळीस वर्षांची माती केलीस, ताई!” धाकटा योरिसही कडाडला. ती बोचकं उचलून निघाली. हाय रे दैवा, एक शब्द बोलली असती तर!

दूर ओस्टेंड शहरात एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात ती बटाटे सोलू लागली. नोव्हेंबरात योरिस तिथं येऊन उभा राहिला, दाढी वाढलेली, डोळे लाल.

“दुपारी फार रडतात गं. काल वैतागून पदक दिलं हातात. म्हटलं, आता आणखी काय बिघडायचंय! तर बोटं सरसर फिरली, एकेक खांब ओळखीचा असल्यागत... ताई, तेव्हाच का नाही सांगितलंस?” सालींच्या ढिगाशेजारीच बसून तो हुंदके देऊ लागला. “आजच सांगतो त्यांना!”

“माझी शपथ आहे तुला! जीव सोडतील ते.”

“मग घरी चल. माझ्याच्यानं नाही होत.”

ती आली. “नवी बाई ठेवलीय, बाबा. मुकी आहे बिचारी,” योरिसनं सांगितलं.

त्या दिवसापासून इर्मा आपल्याच घरात मुकी झाली! भरवायची, अंग पुसायची, दुपारी पदक हाती द्यायची. बाबांना तिची सवय झाली.

एका सकाळी, अगदी भानावर असताना, त्यांनी चाचपत तिचा हात धरला. “बाई, तुमच्या हाताला माया आहे हो. माझी पोर अशी असती ना... तर आज त्या दालनावर माझं नाव असतं.”

दारातला योरिस तोंड फिरवून निघून गेला. ‘बाबा’ हा शब्द इर्माच्या ओठांपर्यंत आला आणि तिनं तो गिळला... पण एक थेंब त्यांच्या मनगटावर पडलाच.

बाबा तिचा हात थोपटू लागले. “अहो, रडता काय? त्यात तुमचा थोडाच दोष आहे!”