नळीला तोंड लावलं तेव्हा

हातातलं खाणं आधी संपवून घ्या, पोरांनो. नंतर माझ्या नावाने बोंब नको. ही गोष्ट मी एकदा जेवताना सांगितली होती, तुमची काकू अजून मला ते ऐकवते.

माझा साडू गाड्यांचा मेकॅनिक. हात सोन्याचा, पण स्वभाव चिकट. एक जुनी गाडी त्याने मातीमोल भावात घेतली. तिचा मालक म्हणजे एक म्हातारे मास्तर, दमेकरी. एका रात्री धाप लागली म्हणून स्वतःच गाडी काढून दवाखान्यात निघाले. टेकडीच्या चढावर गाडी बंद पडली आणि मास्तर तिथेच, सीटवर बसल्या बसल्या गेले. सकाळी ती गाडी ओढून आणायला गेला तो माझा साडूच. मास्तरांच्या मुलीला गाडी डोळ्यांसमोर नको होती, म्हणून याने घेतली. बरं, घेतली तर नीट धुवावी की नाही? काचेवर आतून थुंकीचे शिंतोडे वाळलेले, ते याने बाहीने पुसले. त्याच बाहीने मग कपाळाचा घाम. शी.

मागच्या वर्षीची गोष्ट, नोव्हेंबरची अकरा तारीख. साडूच्या बायकोचे दिवस भरले होते. दवाखाना टेकडीपलीकडे, आणि गाडीची ताकद गेलेली. सपाटीला बरी चालायची, चढ आला की मेल्यासारखी व्हायची. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, कार्बोरेटर खोलून धुतला, तरी तेच. पहिल्या खेपेला रुग्णवाहिकेची वाट बघण्यात यांचं मूल गेलं होतं. त्यामुळे आता साडूचा कुणावरच भरवसा नव्हता. गाडी दारात हवी आणि ती चढ चढायला हवी, एवढंच त्याच्या डोक्यात.

रात्री सव्वाबाराला तो शेडमध्ये बल्ब लावून बसला. आता राहिली होती फक्त टाकीतून पेट्रोल आणणारी नळी. तिच्यात कचरा अडकला असणार. हवा मारायला कॉम्प्रेसर होता, पण त्या आवाजाने बायकोची झोप मोडली असती. मग याने जुने मेकॅनिक करतात तसं केलं. टाकीचं झाकण उघडलं, नळीचं इंजिनाकडचं टोक सोडवलं आणि तोंड लावून फुंकलं.

वाट मोकळी असली तर टाकीत बुडबुडे वाजतात. वाजले नाहीत. पुन्हा फुंकलं, गाल दुखेपर्यंत. काही नाही. तिसऱ्यांदा त्याने छाती भरून घेतली...

समोरून कुणीतरी फुंकलं.

हवा गरम होती. पेट्रोलचा वास नाही. चार दिवस चूळ न भरलेल्या, आजारी तोंडाचा वास. साडू म्हणतो, थेट घशात गेला. टाकीतला गॅस असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. आणि त्या मूर्खाने काय करावं? नळीला तोंड लावून आत ओढून बघितलं.

तोंडात आलं ते पेट्रोल नव्हतं. कोमट. खारट. बेडका होता तो, घट्ट. जिभेला चिकटला. थुंकला तरी तार तुटेना... बोट घालून ओढून काढला. मग कोपऱ्यात जाऊन भडाभडा ओकला.

मग शेड शांत झाली.

टाकीच्या उघड्या तोंडातून आवाज आला. कुणीतरी खाकरलं. फार वेळ अडलेलं सुटल्यावर माणूस खाकरतो तसं. मग एक लांब श्वास. आत... आत... बाहेर आलाच नाही.

घरातून बायकोची हाक आली, "अहो... कळा सुरू झाल्यात."

नळी कशी बसवली ते त्याला आठवत नाही. मला फोन केला, "दादा, तुम्ही सरळ दवाखान्यातच या." गाडी तो चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढली, नुकतीच शोरूममधून काढल्यासारखी. बायको मागे कण्हत होती आणि हा खिडकीतून सारखा थुंकत होता.

मी पोचलो तेव्हा हा बेसिनपाशी रुमालाने जीभ घासत उभा. मी म्हटलं, "अरे, बायको आत आहे आणि तुझं हे काय चाललंय?" तेव्हा त्याने सगळं सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला इतकी शिसारी आली की मी बाकावर त्याच्यापासून हातभर सरकून बसलो.

तीन वाजून दहा मिनिटांनी मूल झालं. रडेना. दाराआडून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "तोंडात काहीतरी अडकलंय, ओढून काढा." मशीन सुरू झालं. साडूने माझा हात धरला. मी सोडवला नाही. मशीन चालूच... चालूच...

मग रडली. मुलगी. साडू भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

थोड्या वेळाने नर्स बाहेर आली. तिच्या हातात छोटी बाटली होती, बाळाच्या तोंडातलं ओढून घेतात ती. तिने साडूच्या काळ्या हातांकडे बघितलं आणि बाटली माझ्यापुढे धरली.

"जरा वास घेता का, काका? कफ नाहीये हा."

मी घेतला. चमचाभरच होतं, पाण्यासारखं पातळ. पेट्रोल होतं.